राहण्याचं गाव, पाण्याचं गाव

रोवणीचे, म्हणजे धानाच्या लावणीचे दिवस आले की आमच्या नागपूरच्या ऑफिसात लोक तलावावर जाऊन कणीस खाण्याचे बेत करतात. पाऊस म्हणजे त्यांच्या लेखी कणीस, भजी आणि फोनवर टाकायचे फोटो. माझी काही हरकत नाही, कणीस मलाही आवडतं. पण या दिवसांत मला आठवते ती पवनीतली खताच्या दुकानावरची एक खोली, तिथला जुना संगणक आणि त्याच्या पडद्यावर गोल गोल फिरत राहिलेलं एक चक्र. प्रश्न विचारलेला होता आणि उत्तर येत नव्हतं. पावसाळ्याची आठवण म्हणून हे कुणाला सांगायला गेलं की समोरचा माणूस हळूच विषय बदलतो.

मी डेटाबेसचं काम करते. एका तक्त्यात माणसं असतात, दुसऱ्यात गावं, तिसऱ्यात आणखी काही. कोणाचं काय आहे हे कळायचं तर तक्ते एकमेकांना जोडावे लागतात. त्या जोडणीला आमच्यात जॉइन म्हणतात. ती नीट बसली तर उत्तर चुटकीसरशी येतं, नाही बसली तर चक्र फिरत राहतं. ते का फिरतंय हे शोधून काढायचे मला पैसे मिळतात. माझ्या मामीनं एकदा विचारलं होतं, "तू तिथं दिवसभर करते काय?" मी म्हटलं, कोणाचं काय आहे ते शोधते. ती म्हणाली, "गावात याले चुगली म्हन्तेत."

सावकाश चालणारी जॉइन म्हणजे काय हे सांगायला माझ्याकडे एकच उदाहरण आहे आणि मी ते सगळीकडे वापरते. लग्नाच्या मांडवाबाहेर चपलांचा ढीग पडलेला असतो. जेवून आलेला प्रत्येक पाहुणा तो ढीग पहिल्यापासून उपसतो आणि आपली जोडी शोधतो. पाहुणे थोडे असले तर फारसं बिघडत नाही. पाहुणे आणि चपला दोन्ही वाढल्या की मांडवाबाहेरच संध्याकाळ होते. ज्या यजमानानं चपला खुणेनं, ओळीत लावून ठेवल्या त्याच्याकडचे पाहुणे वेळेवर घरी जातात. त्या खुणेला आम्ही इंडेक्स म्हणतो. पुष्कळदा दुखणं एवढंच निघतं, की कुणी खूण केलेली नव्हती. ती करून दिली की लोक तुम्हाला हुशार समजतात आणि चहा पाजतात.

काही वर्षांपूर्वी मला पवनीला पाठवलं, तिथलं दुखणं मात्र एवढ्यावर भागणारं नव्हतं.

वैनगंगेच्या काठच्या लोकांना पाण्याचा इशारा फोनवर देणारी एक लहानशी सेवा होती. एक स्थानिक संस्था ती चालवायची आणि आमची कंपनी तिचं संगणकाचं काम बघायची. नदीवर ठिकठिकाणी पाण्याची पातळी मोजली जायची. पातळी एका रेघेच्या वर गेली की त्या रेघेला बांधलेल्या गावांतल्या माणसांना मेसेज जायचा. माणसं, गावं आणि पातळीच्या नोंदी, असे तीन तक्ते जोडून फोन नंबर काढायचे होते. पहिल्या वर्षी ते भराभर निघत. मग नोंदी साचत गेल्या, माणसं वाढत गेली आणि मेसेज पाण्याच्या मागून पोचू लागला. आदल्या पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या एका माणसाच्या खिशात फोन वाजला, की पाणी येणार आहे. त्यानं तो मेसेज संस्थेत आणून दाखवला, तोही हसत. हसत दाखवला ही त्याची मेहरबानी.

पवनीत राहायला लॉज आहे. पण आजोळ तिथून काळीपिवळी जीपनं जरा अंतरावर असताना मी लॉजवर राहिले असते तर मामीनं ते जन्मभर ऐकवलं असतं. मामा-मामीचं गाव मोहटोला. मोहटोला दोन आहेत. एक धरणाच्या पाण्यात गेलं, ते जुनं. दुसरं नदीपासून लांब, उंचावर, मुरमाड जागेवर आखून दिलं, ते नवं. फाट्यावर पाटी आहे, मोहटोला पुनर्वसन. आत सरळ रस्ते, सारख्या मापाचे प्लॉट, विजेचे खांब ओळीत. एका टोकाला विहार, दुसऱ्या टोकाला मारुती. जुन्या गावात हे दोघं समोरासमोर होते, इथं आखणी करणाऱ्यानं त्यांना लांब ठेवलं. मामा म्हणतो की त्यामुळे एक बरं झालं, दोन्हीकडचे भोंगे एकमेकांना ऐकू येत नाहीत.

गाव बुडालं म्हणून हळहळणाऱ्या पाहुण्यांचा मामीला कंटाळा आहे आणि तो गुण माझ्यात तिच्याकडून आला असावा. कुणी नागपूरहून आलं आणि सुस्कारा टाकून म्हणालं, की जुन्या गावाची सर नाही, तर ती म्हणे, "तिथं बाराही महिने पान्याले अर्धा कोस जा लागे. इथं नळ हाये." जुन्या गावाबद्दल मी तिच्या तोंडून हळवं असं काही ऐकलेलं नाही. ती तिथं जायची मात्र, दरवर्षी, ठरलेल्या दिवसांत. त्याचं कारण होतं पऱ्हे.

धानाची रोवणी करायची तर आधी रोपं लागतात. आमच्याकडे त्यांना पऱ्हे म्हणतात. ते एका लहान तुकड्यात दाट पेरायचे, वीतभर-दीडवीत झाले की उपटायचे आणि चिखल केलेल्या बांदीत, म्हणजे धानाच्या शेतात, बाईनं वाकून एकेक रोवत मागं मागं सरकायचं. नव्या गावाच्या मुरमात धान कसंबसं होतं, पण पऱ्हे काही धरत नाहीत. पिवळे पडतात. जुन्या मोहटोल्याची उंचावरची जमीन उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की उघडी पडते, वर गाळ बसलेला. तिथं पऱ्हे असे येतात, की बघून घ्यावं. म्हणून नव्या गावातली बरीच घरं मृगात डोंग्यानं, म्हणजे लहान नावेनं, जुन्या गावात जाऊन पऱ्हे टाकतात आणि धरण पुन्हा भरायच्या आत ते उपटून, जुड्या बांधून, डोंग्यात घालून परत आणतात. याची कुठे परवानगी नाही आणि कुणी कधी मनाईही केलेली नाही. बुडालेलं गाव वर्षातले थोडे आठवडे असं नांदतं.

एका रविवारी मी तिच्याबरोबर गेले होते. डोंगा शाळेच्या ओट्याला लागला. शाळेच्या भिंती कधीच्या गेल्या होत्या, ओटा शाबूत होता आणि त्यावर बायकांनी डबे मांडून ठेवले होते. वांग्यात घातलेल्या सुक्या झिंग्यांचा वास, गाळाचा वास, आणि उपटलेल्या पऱ्ह्यांचा तो कच्चा हिरवा वास, जो नंतर दोन दिवस नखांतून जात नाही. बायका वाकून मूठभर पऱ्हे ओढायच्या, पाण्यात दोनदा सपसप आपटून मुळांचा चिखल झाडायच्या आणि त्यातल्याच एका पात्यानं जुडी आवळायच्या. मी केलेल्या जुड्या सुटत होत्या. मामीची शेजारीण कुंदाबाई त्या उचलून परत बांधायची आणि म्हणायची, "राहू दे वो प्रज्ञा, तू आपली फोटो काढ." सगळ्यांचे फोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून एका बाभळीला टांगलेले होते. कमरेला खोसला तर चिखलात पडतो. नव्या गावात रेंजसाठी गच्चीवर चढावं लागतं, आणि इथं, जिथं नकाशावर निळा रंग आहे, तिथं टॉवर भरून येत होता.

सोमवारी परत पवनीत, संस्थेच्या त्या खोलीत. डेटाबेसला एक विचारता येतं, की बाबा, हे काम तू कसं करणार आहेस ते आधी सांग. तो प्रामाणिकपणे सांगतो. माणसांपेक्षा या बाबतीत तो बरा. त्यानं सांगितलं, की सेवा सुरू झाल्यापासूनच्या पातळीच्या सगळ्या नोंदी मी आधी जोडून घेतो आणि मग त्यातली आजची शोधतो. म्हणजे परवाचा पूर, गेल्या साली कोरडा गेलेला श्रावण, सगळं उपसायचं आणि मग आजचं बघायचं. ते मी आधी थांबवलं. आजच्या नोंदी पहिल्यांदा वेगळ्या काढायच्या आणि तेवढ्याच जोडायच्या. खुणाही केल्या. वेळ बराच खाली आला, पण पुरेसा नाही. संस्थेचा हेमंत, जो हे मेसेज पाठवायचं काम बघायचा, तो बटण दाबून खाली चहा प्यायला जायचा आणि कप विसळून वर यायचा, तेव्हा उत्तर यायचं. पाण्याला तेवढा वेळ पुष्कळ होतो.

मग दिसलं, की मोहटोल्यासारख्या गावांतला एकेक माणूस जोडणीत चार चार वेळा येतो. असं काहून झालं, हे मी हेमंतला विचारलं. तो हसला. नोंदणीला तो स्वतःच गेला होता.

"गाव विचारलं त म्हन्ले मोहटोला. मी म्हटलं, नवं का जुनं? त म्हन्ले, दोन्ही. मंग मी दोन्ही लिवले."

"सगळ्यांनीच दोन्ही सांगितलं?"

"एकाले इचारलं का त्याच्या मांगचा आयकतच होता. एकजन दोन्ही म्हनाला, मंग कोन एक सांगते?"

प्रत्येक माणसाची दोन गावं. दोन्ही गावांची नावं एकच. आणि जोडणी केलेली होती नावावरून. म्हणजे माणसाचं जुनं गाव दोन्ही मोहटोल्यांना जाऊन चिकटायचं आणि नवं गावही दोन्हींना. एकाचे चार. माझ्या आधी कुणीतरी हे चौघे पाहिले असणार. त्यानं ते का होतात हे न विचारता शेवटी एक गाळणी लावून दिली होती, की एक नंबर एकदाच ठेव. भात दरवेळी जास्त होतो म्हणून रोज ओतून द्यायचा आणि तांदूळ मात्र तेवढेच घालत राहायचे, असा तो प्रकार. गाळणीलाही वेळ लागतोच.

नागपूरला आमचे अविनाश सर होते, माझे वरिष्ठ. त्यांना मी फोनवर हे सांगितलं आणि म्हटलं, की घरोघर जाऊन विचारावं लागेल, थोडे दिवस द्या. सर वाईट नव्हते. त्यांना वर मध्य प्रदेशात होणाऱ्या पावसाच्या बातम्या दिसत होत्या आणि त्यांची घाई खरी होती. ते म्हणाले, "अगं, पण बुडीत गाव तक्त्यात ठेवायचंच कशाला? तिथं कोण राहून राहिलं?" मी म्हटलं, राहत कोणी नाही, पण जातात. ते म्हणाले, "बरं, सोमवारी बघू." सोमवारी बघू म्हणजे आत्ता नको, असं मी समजले.

शनिवारी सकाळी मी खोलीवर पोचले तेव्हा त्यांचा मेसेज येऊन पडलेला होता. काम झालं. प्रश्न विचारल्याबरोबर उत्तर. खाली आनंदानं अंगठा वर केलेलं चित्र. हेमंतनं पहाटेच करून बघितलं होतं आणि तोही खूश होता. मी चहा मागवला. बाहेर पाऊस नव्हता, नुसतं भरून आलं होतं. असं आभाळ आमच्याकडे कुणी मोजत नाही, कारण पाणी इथल्या आभाळातून येतच नाही. ते वरून, दुसऱ्यांच्या पावसाचं, नदीतून येतं.

थोड्याच वेळात पातळी रेघेच्या वर गेल्याची नोंद आली. हेमंतनं बटण दाबलं आणि त्याच्या खिशातला फोन लगेच वाजला. खाली खताच्या दुकानदाराचा वाजला. रस्त्यावर कुणाचा तरी वाजला. हेमंत माझ्याकडे बघून म्हणाला, "पाहा मॅडम, चहाले बी जाऊ दिलं नाही." मीही हसले. माझा फोन टेबलावर होता. तो वाजला नाही.

मेसेज किती उशिरा पोचतो हे तपासायला मी माझा नंबर मामाच्या कुटुंबात टाकून ठेवला होता. मोहटोला, जुनं आणि नवं. मी सरांनी बदललेली ओळ उघडली. एकच अट वाढवली होती. ज्या गावाची लोकसंख्या शून्य आहे ते सोडून दे. जुन्या मोहटोल्याची लोकसंख्या शून्य, यात काही चूक नव्हती. नवं मोहटोला उंचावर, नदीच्या कोणत्याच रेघेला बांधलेलं नाही, कारण तिथं पाणी चढतच नाही. तेही बरोबर. या माणसांना नदीशी जोडणारं तक्त्यात एकच काही होतं, ते बुडालेलं गाव, आणि ते गळालं होतं. सगळं इतकं बरोबर होतं की उत्तर चुटकीसरशी आलं.

आणि पऱ्हे उपटायचे दिवस होते. मामी, कुंदाबाई, पऱ्ह्यांच्या टोळीतल्या सगळ्या बायका सकाळीच डोंग्यानं पलीकडे गेल्या होत्या. मी निघताना मामी डबा बांधत होती.

मी मामीला फोन लावला. तो वाजत राहिला. बाभळीला टांगलेली ती पिशवी मला दिसत होती, आतला उजेड लागलेला, आणि बायका लांब खाली वाकलेल्या. पुन्हा लावला. मला भीती वाटली. आकडे दाबता येईनात. हेमंतनं माझ्या हातातून फोन घेतला आणि तो लावत राहिला. कितव्यांदा तरी मामीनं उचलला.

"काय वो? हात चिखलात हायेत."

"मामी, निघा सगळ्या. पानी येऊन राहिलं."

"मेसेज त नाही आला."

"मेसेज येनार नाही. मी सांगून राहिली ना."

मागं बायकांचं बोलणं ऐकू येत होतं, कुणीतरी हसलं. मग मामी म्हणाली, "बरं. जुड्या डोंग्यात टाकतो अन् निघतो."

"जुड्या राहू दे, मामी."

"राहू कशा देऊ? बांदीत मंग काय लावू? तुया कम्प्युटर?"

"मामी, मी तुया पाया पडतो. निघ."

मी पडते न म्हणता तिच्यासारखं पडतो म्हणाले, हे मला नंतर हेमंतनं सांगितलं. पलीकडून फोन बंद झाला. मामा नव्या बांदीत चिखलणीला होता, त्याला सांगितलं तर तो तसाच घाटाकडे निघाला. सरांना फोन केला आणि फक्त एवढंच म्हटलं, की जुन्या गावात माझी मामी आहे. ते म्हणाले, "अट काढतो. आत्ता काढतो." ती काढल्यावर चक्र पुन्हा फिरू लागलं आणि बऱ्याच वेळानं माझा फोन वाजला. तोपर्यंत मी जिन्यात बसले होते. दुकानदार खाली पोती मोजत होता, ते ऐकत होते.

त्या सगळ्या आल्या. डोंग्याला दोन फेऱ्या माराव्या लागल्या. दुसऱ्या फेरीच्या वेळी शाळेच्या ओट्यावर पाणी आलं होतं आणि बायकांनी डबे डोक्यावर घेतले होते. मामी दुसऱ्या फेरीत आली, कारण पहिल्या फेरीत तिनं जुड्या घातल्या होत्या. हे मामानं मला सांगितलं तेव्हा मी तिच्याशी जेवणापर्यंत बोलले नाही. तिनं माझ्या ताटात जास्तीचा भात वाढला आणि मी तो खाल्ला. अर्धे पऱ्हे तिकडेच राहिले. त्या साली मामाच्या दोन बांद्या कुंदाबाईच्या उरलेल्या पऱ्ह्यांनी लागल्या. कुणाचे उरले तर ज्याला कमी पडले त्यानं घेऊन जायचं, विचारायचंही नाही, अशी तिथली रीत आहे. उशिरा लागलेलं धान हलकं आलं. अजूनही कधी भात चिकट झाला की मामा म्हणतो, हा प्रज्ञाच्या सायबाच्या सालचा दिसतो.

सोमवारी अविनाश सर स्वतः पवनीला आले. त्यांना मी जुनं गाव घाटावरून दाखवलं, म्हणजे जिथं ते होतं तिथलं पाणी दाखवलं. बाभळीचा शेंडा तेवढा वर होता. संध्याकाळी ते मामीकडे जेवले. मामीनं त्यांना काहीही ऐकवलं नाही. उलट आग्रह करून झिंगे वाढले. सर शाकाहारी होते, पण त्यांनी खाल्ले. मला वाटतं, त्यांची माफी मागून झाली ती एवढ्यातच.

मग करायचं ते केलं. माणसाचं गाव एक असतं असं आम्ही धरून चाललो होतो, हेमंतनं दोन लिहिली होती, आणि त्याचं बरोबर होतं. फक्त ती दोन्ही एकाच जातीची नव्हती. तक्त्यात मी दोन रकाने केले. एकात राहण्याचं गाव, दुसऱ्यात पाण्याचं गाव. प्रत्येक गावाला वेगळा आकडा दिला, म्हणजे नाव एक असलं तरी घोळ होणार नाही. आणि नदीच्या रेघेशी जोडायचं ते फक्त पाण्याचं गाव. अशानं एका माणसाची एकच ओळ निघते, चार होत नाहीत. गाळणी काढून टाकली. लोकसंख्या तर बघायचीच नाही. उत्तर पुन्हा चुटकीसरशी येऊ लागलं, आणि या खेपेला त्यात सगळे होते.

पण रकाना भरायला विचारावंच लागलं. संध्याकाळी मी आणि हेमंत घरोघर फिरलो. तुमचं पाण्याचं गाव कोणतं? मला वाटलं होतं, की हे काय विचारता म्हणून लोक गोंधळतील. कुणी गोंधळलं नाही. ज्यांचे पऱ्हे तिकडे असतात त्यांनी जुनं सांगितलं. ज्यांची पोरं रात्रंदिवस डोंग्यावर असतात त्यांनी पलीकडच्या काठावरचं एक गाव सांगितलं. एकानं सांगितलं, की माझी म्हातारी रोवणीभर लेकीकडे असते, तिचं तिकडचं लिहा. एक काका खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "मी आता कुठी जात नाही. माया पान्याचं गाव खोडून टाक." त्यांच्या बायकोनं आतून सांगितलं, की राहू द्या, हे तोंडानं म्हणतात, पहाटे घाटावरच असतात.

शेवटी आमचं घर राहिलं. मामी अंगणात झिंग्यांतले खडे निवडत होती. मामाचं आणि तिचं लिहून झालं, जुनं मोहटोला. मग मी माझ्या नंबरावर आले. तो तपासायला टाकलेला होता, काम संपलं होतं, काढायला हवा होता. नको असलेली ओळ तक्त्यात ठेवायची नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. मी तसं तिला म्हटलं.

"काहून काढते?" ती वर न बघता म्हणाली.

"मी नागपूरले राहतो. माया घराजवळ नदीच नाही. मले मेसेज येऊन काय उपेग?"

"तुले नसन."

ती खडे वेचत राहिली. मग तिनं सूप बाजूला ठेवलं.

"आमचे फोन झाडाले टांगले राहतेत. हात चिखलात राहतेत. त्या दिवशी तुया फोन वाजला नाही म्हून आमी घरी आलो. राहू दे तुया नंबर."

हेमंत माझ्याकडे बघत थांबला होता. मी त्याला लिहायला सांगितलं. राहण्याचं गाव नागपूर. पाण्याचं गाव मोहटोला, जुनं.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. मी तो प्रकल्प कधीच सोडला, सरांनी कंपनी सोडली, सेवा हेमंत आणि आणखी कुणी कुणी चालवतात. मला त्या तक्त्यात आता काही बघायचा हक्क नाही. पण रोवणीच्या दिवसांत, बहुतेक वेळा मीटिंगमध्येच, माझा फोन वाजतो, की आपल्या गावात पाणी चढत आहे, सुरक्षित ठिकाणी जावे. मी तर तिसऱ्या मजल्यावर असते. मी उठून बाहेर जाते आणि मामीला फोन लावते. तो वाजत राहतो. मी परत लावते. आतून कुणीतरी दार उघडून विचारतं, की येतेस ना, आणि मी हातानं थांब म्हणते.